एका खोलीला एक फॉर्म

एका बँकेच्या तक्रार विभागात मी एकोणतीस वर्षं काढली. पासबुकात नोंद नाही, चेक विनाकारण परत आला, मुदत ठेवीवर व्याज कमी पडलं, काउंटरवरच्या माणसाने वयस्कर बाईंना ताटकळत उभं ठेवलं. असे पंचवीस-तीस अर्ज रोज हाताखालून जायचे. सुरुवातीला मी ते वरून खाली वाचत असे. दोन-तीन वर्षांनी खालून वर वाचायला लागले. माणसं मुद्दा वर मांडतात आणि दुखणं अगदी शेवटी, सहीच्या जरा आधी लिहून मोकळी होतात. वर व्याजाच्या एकशे बारा रुपयांचा हिशेब असायचा आणि खाली एकच ओळ, ‘यजमान गेल्यावर बँकेचे हे पहिलेच काम मी एकटीने केले होते.’

निवृत्त झाले तरी ही सवय सुटली नाही. २०२४च्या जूनमध्ये ताई, भाऊजी आणि मी अलास्काला जाऊन आलो. सात रात्री बोटीवर आणि पाच रात्री जमिनीवर. एका ट्रॅव्हल कंपनीची सहल होती. आम्ही चौतीस मराठी माणसं, आणि सगळ्यांना सांभाळणारा तिशीतला एक टूर लीडर. बहुतेक जण साठीच्या पुढचे. ताई एकाहत्तर वर्षांची, दोन्ही गुडघ्यांनी हैराण. भाऊजी चौऱ्याहत्तर, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर, अजूनही रोज सकाळी चार किलोमीटर चालणारे. मी एकटी, म्हणून माझ्या खोलीत साताऱ्याच्या एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. बारा दिवसांत मी किती हिमनद्या पाहिल्या ते मोजता येईल, पण किती तक्रारी ऐकल्या त्याची गणती नाही. आणि मी त्या मन लावून ऐकल्या. आयुष्यभराच्या बचतीतून बाजूला काढलेला पैसा घेऊन माणूस एवढ्या लांब येतो, तेव्हा त्याच्या थंड झालेल्या बटाट्याच्या भाजीलाही काहीतरी म्हणायचं असतं.

पहिली तक्रार तर मुंबईतच सुरू झाली होती. अलास्का अमेरिकेत आहे, अमेरिकेचा व्हिसा आहे, मग कॅनडाचा व्हिसा वेगळा कशाला? नाशिकच्या एका काकांचा तो व्हिसा निघायच्या चार दिवस आधी हातात पडला. तोवर त्यांना झोप नव्हती. कारण सोपं आहे, पण ते कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. १८८६ साली अमेरिकेने एक कायदा केला : परदेशी झेंड्याच्या बोटीने अमेरिकेच्या एका बंदरात माणसं घ्यायची आणि अमेरिकेच्याच दुसऱ्या बंदरात सोडायची, हे चालणार नाही. तो कायदा अजून लागू आहे. आजच्या बहुतेक मोठ्या क्रूझ बोटींवर बहामा, बर्म्युडा, पनामा असे झेंडे असतात. त्यामुळे अमेरिकेतल्या सिएटलला चढून अलास्कात उतरता येत नाही, कॅनडातल्या व्हँकुव्हरला चढावं लागतं. सिएटलहून जाऊन सिएटललाच परतणाऱ्या बोटींनाही वाटेत कॅनडाचं एखादं बंदर घ्यावंच लागतं. म्हणून त्या व्हिक्टोरियाला थांबतात, पुष्कळदा संध्याकाळ उलटल्यावर, आणि उतारू म्हणतात, या वेळेला कुठलं शहर दाखवता? २०२१मध्ये कोविडमुळे कॅनडाने बंदरं बंद ठेवली, तेव्हा हा नियम तात्पुरता शिथिल करायला अमेरिकेच्या संसदेला वेगळा कायदा करावा लागला होता. हे सगळं मी काकांना बोटीवर पहिल्या संध्याकाळी सांगितलं, तर ते म्हणाले, “एवढंच होतं, तर ऑफिसातल्या मुलीने फोनवर का नाही सांगितलं?” माझ्या टेबलावर मी हेच बघत आले. कारण कळलं की निम्मा राग तिथेच उतरतो.

बोट मोठी होती. तीन हजारांवर उतारू आणि हजारावर कामाची माणसं. पहिल्याच दिवशी वरच्या डेकवरच्या आरामखुर्च्यांवर सकाळी सातला टॉवेल पडलेले आणि माणसांचा पत्ता नाही. आमच्या मंडळींनी ते लगेच ओळखलं. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरलेली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हा प्रकार समजावून द्यावा लागत नाही. त्यावरून दोन अमेरिकन कुटुंबांत चांगली बोलाचाली झाली. लिफ्टसाठी रांग, जेवणाच्या हॉलमध्ये टेबलासाठी रांग, आतल्या केबिनला खिडकी नाही म्हणून जीव गुदमरतो, चहाला दूध नको त्या चवीचं, लाउडस्पीकरवर दिवसभर कसल्या ना कसल्या घोषणा. तिसऱ्या दिवशी भाऊजी म्हणाले, “आपण समुद्रावर आहोत असं मला वाटतच नाही. हे लोणावळ्याचं रिसॉर्ट आहे, पाण्यात सोडलेलं.”

आणि त्याच वेळी ताई सातव्या मजल्यावर काचेजवळच्या एका खुर्चीत बसून होती. तिच्यासमोरून झाडांनी भरलेली बेटं सरकत होती, मधूनच धबधब्याची एखादी पांढरी रेघ. ती मला म्हणाली, “मला आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी बघायला चालत जावं लागत नाहीये. तेच माझ्याकडे येतंय.”

युरोपच्या बस सहलीला ती सात वर्षांपूर्वी गेली होती. सहलवाल्यांच्या भाषेतलं ‘सहा-सात-आठ’ तिला अजून झोपेत आठवतं. सहाला उठायचं, सातला नाश्ता, आठला बस. त्या सहलीत तिचा डावा गुडघा गेला तो गेलाच. निम्म्या ठिकाणी ती बसमध्येच बसून राहिली आणि परतल्यावर लोकांनी विचारलं की सगळं छान होतं म्हणाली, कारण पैसे भाऊजींनी भरले होते. तिने तेव्हा कुणाकडे तक्रार केली नाही. म्हणून बोटीवरच्या तिच्या खुर्चीकडे बघून मी भाऊजींना जरा जोरात म्हटलं की रिसॉर्ट तर रिसॉर्ट, तिला पाहू द्या.

माझ्या खोलीतल्या मुख्याध्यापिका बाई रोज दुपारी तीनला वर जायच्या, चहा घ्यायच्या आणि एकट्या तासभर बसायच्या. “कुणी ऊठ म्हणत नाही,” एवढंच म्हणाल्या.

केचिकनला पाऊस होता. तिथे वर्षाला दीडशे इंचांच्या आसपास पडतो, आणि आपल्यासारखा चार महिन्यांत उरकून घेत नाही, बाराही महिने येतो. आमच्यातल्या काहींनी टूर लीडरला धारेवर धरलं, की पावसाळी गावात आणलंच का. त्याने शांतपणे छत्र्या वाटल्या. भाऊजींनी मध्येच आंबोलीचा पाऊस काढला, तो जवळजवळ याच्या दुप्पट, आणि विषय आंबोलीकडे वळला. तेवढ्यात पाऊसही थांबला.

ज्युनोमध्ये मात्र मला एक गोष्ट कळली आणि ती मी आमच्या बससमोर उभं राहून सगळ्यांना सांगितली. ज्युनो ही अलास्काची राजधानी, वस्ती बत्तीस हजारांच्या आत-बाहेर. तिथे रस्त्याने जाताच येत नाही, बोटीने नाही तर विमानाने जायचं. एका उन्हाळ्यात तिथे क्रूझने सोळा लाखांच्या वर माणसं उतरतात. २०२४पासून गावाने दिवसाला पाचच मोठ्या बोटी, असा करार बोटवाल्यांशी केला. आणि पर्यटनाचा त्रास कळवायला तिथल्या रहिवाशांसाठी एक वेगळा फोन नंबर आहे. हिमनदीवर जाणाऱ्या हेलिकॉप्टरांचा दिवसभराचा आवाज, गल्लीत उभ्या राहिलेल्या बसेस, फुटपाथवरची गर्दी, हे सगळं त्या नंबरवर येतं. म्हणजे आम्ही बोटीच्या काउंटरवर तक्रारी करत होतो आणि त्याच दिवशी गावातली कुणी बाई आमच्याबद्दल तक्रार करत असणार. त्या टेबलावर बसणाऱ्या माणसाला भेटावं असं मला फार वाटलं. वेळ नव्हता, बोट कुणासाठी थांबत नाही. आमची चढायची शेवटची वेळ बोट सुटण्याच्या अर्धा तास आधीची होती.

स्कॅगवेला धक्का असून आम्हाला धक्क्यावर उतरवलं नाही. धक्क्याच्या वरचा कडा ढासळतो, २०२२मध्ये तिथे मोठ्या दरडी आल्या, तेव्हापासून बोट लावायची तिथली एक जागा बंद होती. म्हणून बोट बाहेर पाण्यात उभी केली आणि छोट्या बोटींतून आम्हाला किनाऱ्यावर नेलं. त्यासाठी दीड तास नंबर लावून बसावं लागलं. त्यावरून फार आरडाओरडा झाला. ‘धक्क्यावर उतरवणार असं लिहिलं होतं.’ खरंच लिहिलं होतं. पण दरड म्हणजे काय हे कोकण रेल्वेच्या पट्ट्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

त्या दीड तासात ताई गप्प होती. मला वाटलं गुडघ्यामुळे घाबरली. छोट्या बोटीच्या दाराशी एक तरुण खलाशी उभा होता. त्याने ताईचा हात पंजाला न धरता कोपराच्या वर धरला, लाट वर यायची वाट पाहिली आणि फळी समपातळीत येताच तिला अलगद पलीकडे घेतलं. बसल्यावर ताई म्हणाली, “आजीला असंच उतरवायचे.” आमची आजी देवगडची. मुंबईहून आगबोटीने जायची. बोट बंदराबाहेर उभी राहायची आणि किनाऱ्यावरून पडाव यायचे. लाट वर आली की एक पाऊल. तान्हं मूल असलं तर आधी मूल हातोहात द्यायचं, मग आईने उतरायचं. आजी सांगायची की त्या मधल्या दोन क्षणांत मूल खलाशाच्या हातात आणि आई बोटीवर, तेवढा वेळ ती डोळे मिटून घ्यायची. ताईला हे सगळं आठवत होतं, मला नाही. मी तेव्हा फार लहान होते. स्कॅगवेतल्या सोन्यासाठी झालेल्या धावपळीच्या खुणा, १८९८ला सुरू होऊन १९००मध्ये पुरी झालेली डोंगरातली अरुंद रेल्वे, हे सगळं आम्ही पाहिलं आणि भाऊजी त्या रेल्वेवर अर्धा तास बोलू शकतात. ताई त्या दिवसाबद्दल बोलते तेव्हा फक्त छोट्या बोटीबद्दल बोलते.

मग ग्लेशियर बे. त्या उपसागरात दिवसाला दोनच मोठ्या क्रूझ बोटींना परवानगी असते. सकाळी राष्ट्रीय उद्यानाचे रेंजर एका लहान बोटीतून येऊन आमच्या बोटीवर शिडीने चढले आणि दिवसभर माइकवरून बोलले. त्यांनी सांगितलं की १७९४मध्ये जॉर्ज व्हँकुव्हर या ब्रिटिश दर्यावर्दीच्या मोहिमेतली माणसं इथे आली तेव्हा हा उपसागरच नव्हता. किनाऱ्यात पाचेक मैलांची एक खाच आणि समोर बर्फाची भिंत. १८७९मध्ये निसर्गअभ्यासक जॉन म्यूर आला तोवर बर्फ तीस मैलांहून जास्त मागे गेला होता. त्याच्याही आधी, अठराव्या शतकात, बर्फ पुढे आला होता आणि इथल्या मूळ रहिवासी हूना क्लिंगिट लोकांना आपली गावं सोडून जावं लागलं होतं. त्यांच्या सांगण्यात आहे की बर्फ कुत्र्याच्या धावेने आलं.

बोट मार्जरी हिमनदीसमोर तासभर उभी राहिली. पाण्यापासून अडीचशे फूट उंच भिंत, मैलभर रुंद, आणि मधूनमधून तिचा निळा रंग. निळा म्हणजे कोणता, तर लुगड्याला नीळ जास्त झाली की घडीच्या आत दिसतो तो. आधी कुठेतरी आत कडकड झाली. सगळे गप्प. मग भिंतीचा एक तुकडा सुटला, पाण्यात पडला, आणि त्यानंतर आवाज आमच्यापर्यंत आला. कॅप्टनने बोट जागच्या जागी वळवली, म्हणजे दोन्ही बाजूंच्या लोकांना दिसावं. तरी लोक एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे धावत होते, एकमेकांच्या फोनमध्ये डोकी घालत होते. एक जण म्हणाला, फक्त तासच का? दुसरा म्हणाला, तास फार झाला, गारठलो. दोघेही आमच्यातलेच, आणि रेलिंगला शेजारी शेजारी उभे. भाऊजींनी मात्र बोटीवरच्या सात दिवसांत या एका तासात टोपी काढून हातात धरली होती.

त्या रात्री बोट खुल्या समुद्रात, गल्फ ऑफ अलास्कात आली आणि डुलायला लागली. ताईला बोट लागली. आपल्या भाषेत बोट ‘लागते’, गाडी ‘लागते’, दृष्ट लागते तशी. मी सोबत आणलेला आलेपाक तिला देत होते. आमच्या खोल्या आवरणारा मुलगा हिरवं सफरचंद आणि खारी बिस्किटं घेऊन आला, न मागता. तो गोव्याचा, साष्टीतला होता. कोकणीत ताईशी बोलला. त्याचे वडील तारवटी, आजोबा तारवटी, घरातले पुरुष तीन पिढ्या जहाजांवर. आठ महिन्यांचं कंत्राट आणि त्यात आठवड्याची सुट्टी नाही. जहाजावरच्या कामगारांसाठी २००६चा आंतरराष्ट्रीय करार आहे, त्यानुसार चोवीस तासांत जास्तीत जास्त चौदा तास काम करून घेता येतं. जास्तीत जास्त चौदा! आम्हाला बँकेत साडेसात झाले की आम्ही घड्याळाकडे बघत असू.

हे इथे लिहायचं कारण असं की दुसऱ्याच दिवशी आमच्यातले सात-आठ जण काउंटरवर रांगेत उभे होते. माणशी रोज सोळा-सतरा डॉलर सेवेचे म्हणून खात्यावर लागत होते, ते काढून टाका म्हणायला. ही रक्कम आधी नीट सांगितली नव्हती, ही त्यांची तक्रार खरी आहे. कंपनीने ती सहलीच्या किमतीतच धरायला हवी होती. पण ती काढून टाकली की कंपनीच्या खिशाला काही होत नाही, त्या मुलाच्या पगाराला होतं. मी रांगेत जाऊन हे एकेकाला सांगितलं. तिघं रांगेतून बाहेर आले. बाकीचे माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

व्हिटियरला बोट संपली आणि जमीन सुरू झाली. त्याबरोबर सगळ्यांच्या तक्रारी उलट्या झाल्या. बोटीवर वेळ जात नाही म्हणणारे आता वेळ पुरत नाही म्हणू लागले. रोज नवी खोली, सकाळी सहाच्या आत बॅग दाराबाहेर. पोहे नाहीत, गरम पाणी मिळायला वेळ. रात्री साडेअकराला ऊन, पडद्याच्या फटीतून ते डोळ्यावर, झोप नाही. आणि डास, आपल्या डासांच्या दुप्पट आकाराचे. ताई पहिल्या दिवशी बसच्या पायऱ्यांवर थांबली, एका हाताने दांडा धरला, दुसऱ्याने माझा खांदा. चार पायऱ्या होत्या. बोटीवर हसणारी माझी बहीण परत युरोपातल्या बसमध्ये जाऊन बसली.

आणि भाऊजी उजळले. अँकरेजहून डेनालीला काचेच्या छताची रेल्वे जाते. सुमारे दोनशे पस्तीस मैलांना जवळजवळ आठ तास लागतात, गाडीने चार-साडेचार. ‘मग बसने का नाही नेलं’, ही तक्रार त्या डब्यात निदान दहा जणांनी केली. भाऊजी खिडकीला नाक लावून होते. हरिकेन गल्च नावाच्या दरीवर १९२१ साली बांधलेला पोलादी पूल आहे, ओढ्यापासून २९६ फूट उंच. तिथे गाडी हळू झाली. भाऊजी उभे राहिले आणि त्यांनी त्या पुलाची बांधणी मला हाताने हवेत काढून दाखवली. सात दिवस जो माणूस ‘मी इथे काय करतोय’ असं विचारत होता, तो आता मला विचारत होता, “तुला दिसतंय का, कमान कशी दोन्ही काठांकडून पुढे आणत मध्ये जोडली असेल?”

डेनाली हा उत्तर अमेरिकेतला सगळ्यांत उंच डोंगर, २०,३१० फूट. तो ढगांत असतो. उद्यानात येणाऱ्या तिघांतल्या साधारण एकालाच दिसतो. आम्ही दोन दिवस होतो, दोन्ही दिवस दिसला नाही. उद्यानाच्या ९२ मैलांच्या रस्त्यावर पहिल्या पंधरा मैलांनंतर खासगी गाड्यांना बंदी, पुढे उद्यानाच्याच बसने जायचं. आमची बस ४३व्या मैलावरून परत फिरली. प्रिटी रॉक्स नावाच्या जागी डोंगराचा उतारच रस्त्याला घेऊन खाली सरकतोय. आतलं हजारो वर्षांचं गोठलेलं पाणी वितळतंय. २०१४च्या आधी तो वर्षाला काही इंच सरकत होता, २०२१मध्ये तासाला अर्ध्या इंचाहून जास्त सरकू लागला. त्या ऑगस्टपासून रस्ता बंद होता, आणि तिथे पूल बांधायचं काम सुरू होतं. भाऊजींनी ड्रायव्हर बाईंना या दरडीबद्दल इतके प्रश्न विचारले की त्यांनी परत फिरताना दोन मिनिटं जास्त थांबून त्यांना हाताने दिशा दाखवली. एक अस्वल दिसलं, कॅरिबू हरणांचा लहान कळप दिसला, आणि उतारावर पांढरे ठिपके. ते ठिपके म्हणजे डॉल मेंढ्या. १९१७मध्ये हे उद्यान या मेंढ्या वाचवायला झालं होतं. मला ते फार आवडलं. डोंगर झाकलेला होता, पण ज्यांच्यासाठी हे सगळं राखलं त्या समोर चरत होत्या.

नाशिकचे काका एकदाही खाली बघत नव्हते. ते ढगांकडेच बघत होते. त्यांच्या खिशात कंपनीच्या माहितीपत्रकाचं एक पान होतं, घडी घालून घालून चार तुकडे व्हायला आलेलं. त्यावर डेनालीचा फोटो. पांढरा डोंगर, आणि समोरच्या तळ्यात त्याचं अख्खं प्रतिबिंब. परतताना मी ते पान ड्रायव्हर बाईंना दाखवलं, हे कुठून दिसतं म्हणून. त्यांनी बघितल्याबरोबर सांगितलं, वंडर लेकच्या बाजूचं आहे, ८५व्या मैलाकडे.

पंच्याऐंशी. आणि रस्ता ४३व्या मैलावर बंद, तीन वर्षं. म्हणजे आकाश लख्ख असतं तरी त्या जागी आमची बस गेलीच नसती.

काकांनी रात्री दोन पानी तक्रार लिहिली आणि मला वाचायला दिली. भाजी थंड, लिफ्टची रांग, व्हिसाला उशीर, स्कॅगवेचा दीड तास, सेवेचे डॉलर, रेल्वेचे आठ तास, डोंगर दिसला नाही, अर्धे पैसे परत करा. मी सवयीप्रमाणे शेवटून सुरुवात केली. शेवटची ओळ होती, ‘मला पुन्हा येणे शक्य नाही.’

मी त्यांना म्हटलं, काका, डोंगर ढगांत होता हे कंपनीच्या हातात नाही, ते काढा. भाजी काढा, रांगा काढा. त्यांनी ढगांबद्दल खोटं सांगितलं नाही, रस्त्याबद्दल खोटं सांगितलं. एवढंच लिहू, ते टिकेल. आम्ही चार ओळी केल्या : माहितीपत्रकातला फोटो ज्या जागेचा आहे तिथे जाणारा रस्ता ऑगस्ट २०२१पासून बंद आहे, २०२४च्या सहलीसाठी तो फोटो वापरला, हे आम्हाला सांगितलं नाही. मग मी विचारलं, तुम्हाला काय हवंय? ते पैशांचा आकडा सांगतील असं मला वाटलं होतं. ते सकाळी नाश्त्याला माझ्याजवळ आले आणि म्हणाले, “तो फोटो काढायला लिहा.”

कंपनीचं उत्तर दोन महिन्यांनी आलं. दिलगिरी, आणि पुढच्या परदेशी सहलीवर दहा टक्के सूट. ज्याने ‘पुन्हा येणे शक्य नाही’ असं लिहिलं होतं, त्याला. ते वाचून माझ्या हातापायांना कापरं सुटलं. ज्याने ते उत्तर लिहिलं त्याने अर्ज शेवटपर्यंत वाचलाच नव्हता. मी काकांकडून पत्र घेऊन पुन्हा लिहिलं, आणि तिसऱ्यांदा. नोव्हेंबरात काकांनी मला नव्या माहितीपत्रकाच्या पानाचा फोटो पाठवला. तळं गेलं होतं. त्या जागी काचेच्या छताची रेल्वे होती, आणि खाली बारीक अक्षरात, उद्यानातील बस ४३ मैलांपर्यंतच जाते.

पण हे सगळं पुढचं. फेअरबँक्सच्या शेवटच्या रात्री टूर लीडरने अभिप्रायाचे फॉर्म वाटले, एका खोलीला एक. तो दमला होता. बारा दिवस बारा प्रकारची बोलणी ऐकून, तरी फॉर्म देताना प्रत्येकाला नावाने हाक मारत होता. मी ताई-भाऊजींच्या खोलीत गेले तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते आणि पलंगावर ऊन पडलं होतं. फॉर्म टेबलावर होता. बोट : उत्तम, चांगली, बरी, असमाधानकारक. भाऊजींनी ‘बरी’वर पेन टेकवलं. ताई पलंगावरून म्हणाली, “उत्तम लिहा.” “सात दिवस काचेच्या आत बसून उत्तम?” “तुम्ही उभे होतात. मी बसले होते.”

भाऊजी थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी पट्टी म्हणून डायरीची कड लावली आणि फॉर्मवर वरपासून खालपर्यंत एक उभी रेघ मारली. डावीकडे ताईचं नाव, उजवीकडे आपलं. बोटीपुढे डावीकडे उत्तम, उजवीकडे बरी. रेल्वेपुढे डावीकडे बरी, उजवीकडे उत्तम. बसच्या पायऱ्यांचा रकाना फॉर्ममध्ये नव्हता, तो त्यांनी खाली स्वतः काढला, डाव्या बाजूला, आणि ताईला न विचारता त्यात ‘असमाधानकारक’ लिहिलं. टूर लीडरच्या ओळीत दोन्हीकडे उत्तम.

शेवटचा प्रश्न होता : आपण आमच्यासोबत पुन्हा प्रवास कराल का? भाऊजींनी पेन तिथे धरलं आणि ताईकडे बघितलं. ती गुडघ्याला तेल लावत होती. त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि फॉर्म तसाच घडी करून माझ्याकडे दिला.